पाणथरीचं निमित्त

कोल्हापूरचे दोन छत्रपती एकामागोमाग एक ऐन विशीत गेले, आणि दोघेही घरापासून लांब गेले. राजाराम महाराज विलायतेचा प्रवास करून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात वारले. त्यांच्यामागे गादीवर दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज २५ डिसेंबर १८८३ रोजी नगरच्या किल्ल्यात वारले. पहिल्या मृत्यूने लोक हळहळले. दुसऱ्या मृत्यूने हळहळले आणि संशयातही पडले. तो संशय मी लहानपणी आज्जीच्या तोंडून ऐकला, म्हणजे घटना घडून नव्वदएक वर्षं उलटल्यावर. तोवर राज्य गेलं होतं, इंग्रज गेले होते, आमचा मुलूखही एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला होता. आज्जीचा प्रश्न मात्र होता तिथेच होता.

आमचं मच्छे गाव बेळगावहून खानापूरकडे जाताना पिरनवाडीच्या पुढे लागतं. आज इथे औद्योगिक वसाहत आहे, विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, बायपाससाठी जमीन गेलेल्या शेतकऱ्यांची गाऱ्हाणी आहेत. आज्जी लग्न होऊन आली तेव्हा भाताची खाचरं होती आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल. हा भाग कोल्हापूरच्या गादीखाली नव्हता. पेशवाई बुडाली त्याच साली, १८१८ मध्ये, बेळगावचा किल्ला इंग्रजांनी घेतला, आणि पुढे किल्ल्याशेजारी कॅम्प वसला. पण माणसांची ये-जा सरकारी हद्दी बघून होत नव्हती. सोयरिकी कागल, निपाणी, गडहिंग्लजकडे होत. चैत्रात जोतिबाची सासनकाठी, नवरात्रात अंबाबाई. कोर्टकचेरी बेळगावला असली, तरी ‘राजा’ म्हटलं की डोळ्यांपुढे कोल्हापूरच यायचं.

आज्जीचं माहेर कागलकडचं. पावटा सोलायला बसली की तिच्या गोष्टी निघत. सुपात दाणे, मांडीखाली टरफलांचा ढीग, आणि आवाज असा की शेजारणीही पाटी घेऊन येऊन बसत. “राजा येडा न्हवता,” ती सुरुवातच अशी करायची. “येडा ठरिवला त्येला.” मग दत्तकाची कथा, वाड्यातल्या कारभाऱ्यांची कथा, लांबच्या किल्ल्यात नेऊन ठेवलेल्या पोरसवदा राजाची कथा. शेवटी एक गोरा शिपाई यायचा. त्याने राजाला पोटात लाथ घातली आणि राजा गेला.

आबा, म्हणजे माझे आजोबा, ओसरीवरून म्हणायचे, “कोण सांगूलाय तुला लाथ म्हणून? बुरुजावरनं ढकललं त्याला.” त्यांनी त्यांच्या वडिलांकडून तसं ऐकलं होतं. गल्लीतल्या एका म्हाताऱ्यांच्या मते राजाला विष घातलं होतं. तीन तोंडांची तीन मरणं. एका गोष्टीवर मात्र तिघांचंही एकमत असायचं: राजा आपल्या मरणाने मेला नाही, आणि त्याचा जाब कुणी दिला नाही.

मोठा झाल्यावर मी या गोष्टीच्या मागे लागलो ते तिघांपैकी खरं कोण, हे बघण्यासाठी. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं, म्हणजे या राजाच्या जन्माआधीचं. तिथल्या कपाटांतून, जुन्या चरित्रांतून, आगरकरांच्या तुरुंगातल्या आठवणींतून गोष्ट हळूहळू हाती लागली.

राजाचं मूळ नाव नारायणराव भोसले. जन्म ५ एप्रिल १८६३. राजाराम महाराज निपुत्रिक गेल्यावर १८७१ साली हा आठ वर्षांचा मुलगा दत्तक घेतला गेला आणि शिवाजी या नावाने गादीवर बसला. आईबापांच्या घरातून वाड्यात, आणि वाड्यातून इंग्रजी शिक्षकांच्या नजरेखाली, असं त्याचं पोरपण गेलं. कारभार पोलिटिकल एजंटाच्या देखरेखीखाली चाले. पुढे तरुण राजाचं डोकं ठिकाणावर नाही, असं सरकारने ठरवलं. कारभारी होते रावबहादूर माधवराव बर्वे. कोल्हापुरात कुजबूज अशी होती, की राजाला आजार असेल-नसेल, पण त्याला मिळणारी वागणूकच त्याला वेडं करील.

त्या काळात अशी कुजबूज उगाच उठत नव्हती. १८७५ साली बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढलं होतं. रेसिडेंट फेअरवर विषप्रयोग केल्याचा त्यांच्यावर आरोप होता. चौकशी आयोगात एकमत झालं नाही, तरी त्यांची गादी गेलीच. संस्थानिकाला दूर करायचं तर वेडेपणा, गैरकारभार, कट, यांपैकी काहीतरी पुरे, अशी लोकांची समजूत झाली होती. ती या प्रकरणात किती खरी होती हे बाजूला ठेवलं, तरी ती का झाली हे समजायला अडचण पडत नाही.

पुण्यात ‘केसरी’ आणि ‘मराठा’ १८८१ च्या जानेवारीत सुरू झाले, आणि वर्षभराच्या आत कोल्हापूरच्या राजाचं प्रकरण त्यांनी हाती घेतलं. टिळक आणि आगरकर दोघेही पंचविशीच्या आगेमागे. राजाचे हाल होताहेत, असं त्यांनी पोटतिडकीने लिहिलं. त्याच वेळी बर्व्यांच्या नावाची काही पत्रं त्यांच्या हाती आली. राजाविरुद्धचा कट त्यांतून दिसत होता. पत्रं छापली गेली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. मुंबईत खटला चालला आणि पत्रं बनावट असल्याचं दिसून आलं. दोघांनी माफी मागितली, तरी १७ जुलै १८८२ रोजी प्रत्येकी चार महिन्यांची साधी कैद झाली, ती डोंगरीच्या तुरुंगात.

आज्जीच्या गोष्टीत ही पत्रं कधीच नव्हती. तिच्या गोष्टीत टिळक होते, तेही आबांनी घातलेले. कारण १९१६ च्या एप्रिलअखेर बेळगावात प्रांतिक परिषद भरली, तिथेच टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली, आणि आमचे पणजोबा शेतातलं काम टाकून त्यांना बघायला चालत गेले. राजाच्या मृत्यूच्या वेळी ते तेरा-चौदा वर्षांचे होते. परत येऊन त्यांनी घरात सांगितलं, ते स्वराज्याचं नव्हे. “आपल्या राजासाठी तुरुंगात गेला तो हाच,” असं सांगितलं. आमच्या घरात टिळकांची ओळख अशी झाली. त्याआधी वेदोक्ताच्या वादात टिळक आणि शाहू महाराज समोरासमोर उभे राहिले होते, तेव्हा आमची माणसं महाराजांच्या बाजूला होती. तरी डोंगरीच्या तुरुंगाचं ऋण त्यांनी पुसलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच ओसरीवर सांगितल्या जात, आणि कुणाला त्यात विसंगती वाटत नसे.

त्या तुरुंगवासाचं वर्णन आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ या पुस्तकात केलं आहे. कोठडीतल्या रात्री, वाद, देशासाठी पुढे काय करायचं याची खलबतं, सगळं त्यात आहे. त्याच सुमारास त्यांचं शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चं भाषांतर चाललं होतं, १८८३ मध्ये ते ‘विकारविलसित’ या नावाने निघालं. बापाच्या संशयास्पद मृत्यूचा शोध घेणारा, आणि सगळे ज्याला वेडा म्हणतात असा राजपुत्र! कोल्हापूरच्या राजासाठी तुरुंगात गेलेल्या माणसाच्या टेबलावर त्या वर्षी नेमकं हे नाटक असावं, याने मी वाचता वाचता थबकलो होतो.

आणखी एक नाव इथे घ्यायला हवं. या दोघांना जामीन राहायला माणूस हवा होता. जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे दहा हजारांचा जामीन राहिले. २६ ऑक्टोबर १८८२ रोजी दोघे सुटले तेव्हा सत्यशोधक मंडळींनी त्यांचं स्वागत केलं. कोल्हापूरच्या राजाच्या प्रश्नावर त्या काळचा महाराष्ट्र जातीची कुंपणं ओलांडून एकत्र आला होता. असे प्रसंग आपल्या इतिहासात फार नाहीत.

पण नुकसान व्हायचं ते झालंच होतं. राजाची बाजू घेणाऱ्यांचा पुरावा खोटा निघाला होता. मूळ तक्रार खरी असली, तरी खोट्या पुराव्यावर उभी केली की ती पुन्हा उभी करणं कठीण होतं. ज्यांनी आवाज उठवला ते शिक्षा भोगून आले होते. राजाला नगरच्या किल्ल्यात नेलं गेलं. भोवती खंदक, आत इंग्रजी फौज. पहाऱ्यावर आणि देखभालीला ग्रीन नावाचा एक गोरा शिपाई.

आज्जीच्या पिढीला सगळ्यात जास्त टोचत होतं ते हे. बेळगावच्या कॅम्पात गोरे सोल्जर असत. आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका तिथे दूध घालायला, गवताचे भारे विकायला जात. साधा गोरा शिपाई कसा असतो, दारू चढल्यावर कसा वागतो, हे त्यांना पाठ होतं. त्या पोरीबाळींना दुरून पदर सावरायला शिकवत. तसल्या एका शिपायाच्या हाती छत्रपतींचा वंशज सोपवला होता, वैद्याच्या नव्हे, आप्ताच्या नव्हे. आजारी माणसाला आपल्या माणसाचा हात लागतो, हे सांगायला त्यांना कुणा डॉक्टरची गरज नव्हती.

नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, ग्रीन आणि महाराज यांच्यात झटापट झाली आणि महाराज मरण पावले. वय वीस. झटापटीत पाणथरी फुटली, असं कारण पुढे आलं. आबांचा बुरुज आणि शेजाऱ्यांचं विष या दोन्ही गोष्टी कागदांनी बाजूला पडल्या. आज्जीची गोष्ट कागदाच्या सर्वांत जवळची निघाली.

पाणथरी म्हणजे प्लीहा. आमच्या भागात हे नाव जुन्या माणसांना चांगलं ठाऊक आहे. खानापूरचं जंगल जवळ, त्यामुळे हिवताप पाचवीला पुजलेला. सतत ताप येऊन पाणथरी वाढायची, पोरांची पोटं नगाऱ्यासारखी व्हायची, आणि त्यावर बिब्ब्याचा नाहीतर तापलेल्या सळईचा डाग द्यायचे. आबांच्या पोटावर डाव्या बाजूला तसे डागाचे व्रण होते. वाढलेली पाणथरी नाजूक होते, हे डॉक्टरही सांगतात. मी आज्जीला हे कारण वाचून दाखवलं तेव्हा तिने पावट्याची शेंग तशीच हातात धरली आणि म्हणाली, “इतकी वरसं पाणथरीची पोरं बघितली. कुणाची आपआप फुटली न्हाई. फुटली तर काय लागून फुटली, त्ये सांगा की.”

तिला ठाऊक नव्हतं, पण हाच प्रश्न तेव्हा हिंदुस्थानभर विचारला जात होता. आग्र्यात १८७५ साली फुलर नावाच्या गोऱ्या वकिलाने कटवारू या आपल्या मोतद्दाराला मारलं, आणि तो मेला. वाढलेली पाणथरी फुटली, असं कारण दिलं गेलं. फुलरला दंड झाला तीस रुपये. खुद्द व्हाइसरॉय लिटनने १८७६ साली या निकालावर जाहीर नापसंती नोंदवली, आणि त्यावरून गोऱ्या समाजाने त्यालाच धारेवर धरलं. पंखेवाले, मोतद्दार, कुली, अशा गरिबांच्या मृत्यूच्या कागदांत पाणथरी पुन्हा पुन्हा येत राहिली. मारणाऱ्याचा हात हलका ठरायचा आणि मेलेल्याचं शरीर दोषी ठरायचं. नगरच्या किल्ल्यात हे कारण एका छत्रपतीच्या वाट्याला आलं. राजाचं मरण मोतद्दाराच्या मरणाच्या रांगेत जाऊन बसलं.

महिना कोणता होता तेही बघायला हवं. १८८३ च्या फेब्रुवारीत इल्बर्ट बिल मांडलं गेलं होतं. हिंदी न्यायाधीशांना गोऱ्या आरोपींचे खटले चालवता यावेत, एवढंच त्यात होतं. त्यावर वर्षभर गोऱ्यांनी आकाशपाताळ एक केलं, आणि डिसेंबरात सरकारने तडजोड केली: गोऱ्या आरोपीला निम्मे तरी गोरे असलेली ज्यूरी मागता येईल. जानेवारी १८८४ मध्ये कायदा झाला. म्हणजे गोऱ्याला हिंदी माणसाने न्याय देऊच नये, हा हट्ट जिंकत होता, त्याच आठवड्यांत एका गोऱ्या शिपायाच्या पहाऱ्यात कोल्हापूरचा राजा मेला होता.

अशा वेळी घरच्यांनी जायचं कुठे? महाराजांच्या राणी आनंदीबाई कोवळ्या वयात विधवा झाल्या. त्यांनी दाद मागायची तर पोलिटिकल एजंटाकडे, आणि एजंट होता त्याच सरकारचा, ज्याच्या ताब्यात त्यांचे पती होते. संस्थानाचे रीजंट कागलचे जयसिंगराव आबासाहेब घाटगे. त्यांचा अधिकारही सरकारच्या मर्जीवर. ताब्यात ठेवणारा तोच, चौकशी करणारा तोच, निष्कर्ष लिहिणाराही तोच. महाराजांवर अंत्यसंस्कार नगरलाच झाले आणि तिथेच त्यांची समाधी आहे.

राजाराम महाराजांच्या फ्लॉरेन्सच्या स्मारकाचे फोटो मी पाहिले आहेत. अर्नो नदीच्या काठी, जिथे मुन्योने नदी येऊन मिळते, तिथे परक्या देशाने त्यांना हिंदू रीतीने दहन करू दिलं, वर छत्री उभी राहिली, चार भाषांत लेख कोरले गेले. शेजारच्या पुलालाही त्या स्मारकावरून नाव पडलं आहे. अनोळखी शहराने एका राजाची इतकी आठवण ठेवली. दुसऱ्या राजाची समाधी आपल्याच मुलखात आहे, आणि नगरला, आजच्या अहिल्यानगरला जाणाऱ्या किती जणांना ती माहीत असेल? किल्ला सगळ्यांना माहीत आहे, तो १९४२ च्या कैद्यांमुळे. नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. त्यांच्याकडे कागद होते, सोबती होते, आणि त्यांचं काय होतंय याकडे जगाचं लक्ष होतं. वीस वर्षांच्या राजाची कैफियत आमच्यापर्यंत आली ती आज्जीच्या तोंडून.

आनंदीबाईंच्या हाती एकच गोष्ट होती, ती त्यांनी केली. १७ मार्च १८८४ रोजी, पतीच्या मृत्यूला तीन महिने व्हायच्या आत, त्यांनी आबासाहेब घाटग्यांचा मुलगा यशवंतराव दत्तक घेतला. तेच शाहू महाराज. आज्जीच्या माहेरच्या माणसांना याचा अभिमान: आमच्या कागलचा पोर गादीवर बसला. मला त्यात आणखी काही दिसतं. ज्या बाईला नवऱ्याच्या मृत्यूचा जाब मागता आला नाही, तिच्या मांडीवर बसलेल्या मुलाने १९०२ साली आपल्या राज्यात मागासलेल्यांना निम्म्या जागा राखून ठेवल्या. नगरच्या प्रकरणाचा न्याय यातून झाला असं मी म्हणणार नाही. एका अन्यायाची भरपाई दुसऱ्या चांगल्या कामाने होत नसते. पण त्या घराने रडत न बसता गादीला असा वारस दिला, हे सांगितल्यावाचून ही कथा पुरी होत नाही.

ही गोष्ट आता मी घरातल्या मुलांना सांगतो. त्यांतला एक कायदा शिकतोय. त्याने मला सांगितलं, की कोठडीत माणूस मेला तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशी व्हावी अशी तरतूद २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत आली आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. कोठडीतल्या मृत्यूची खबर चोवीस तासांच्या आत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला द्यावी, अशी आयोगाची सूचना १९९३ पासून आहे. म्हणजे ताब्यात ठेवणाऱ्यानेच स्वतःची चौकशी करायची नाही, एवढं तरी कायद्याने मान्य केलं. आनंदीबाईंना १८८३ मध्ये जे हवं होतं ते कागदावर यायला सव्वाशे वर्षं लागली. आणि कागदावरून ते घराच्या उंबऱ्यापर्यंत यायला आजही किती हेलपाटे पडतात, हे मृताच्या नातेवाइकांना विचारावं. शवविच्छेदनाचा अहवाल मिळत नाही, जबाब मनासारखा लिहून घेत नाहीत, तारखा पडत राहतात. तारखांची सवय आम्हा सीमाभागातल्या लोकांना आहेच. आमचाही एक दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

म्हणून मी मुलांना आज्जीची गोष्ट सांगतो, पण तिने गाळलेली बनावट पत्रंही सांगतो. त्यांना ती आवडत नाहीत. गोष्टीतला नायक त्यांनी डागाळतो, असं त्यांना वाटतं. मला ती सांगणं अगत्याचं वाटतं. राजावर प्रेम करणाऱ्या माणसांनी घाईने खोटा पुरावा खरा मानला आणि राजाची बाजू दुबळी झाली. न्याय मागणाऱ्याला रागाइतकीच चिकाटी लागते: कागद तपासायचा, साक्ष पारखायची, आणि मगच बोलायचं. आज्जीला लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी तिने नेमका पुराव्याचाच प्रश्न विचारला होता. पाणथरी फुटली, मान्य. ती कशाने फुटली, तेव्हा खोलीत कोण होतं, आणि त्याला कुणी विचारलं?

चौथ्या शिवाजी महाराजांच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर द्यायला आता कुणी उरलेलं नाही. पण हाच प्रश्न घेऊन उद्या एखादी आई, एखादी बायको चौकीच्या किंवा इस्पितळाच्या दारात उभी राहील. तेव्हा तिला वेडी न ठरवता तिच्याबरोबर जाऊन तो प्रश्न लेखी द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची. पावटा सोलता सोलता आज्जीने आम्हाला दिलेली शिकवण एवढीच होती, आणि ती पाळणं आपल्या हातात आहे.